आमचे राजे आणि अंगणातली विहीर

माझ्या धाकट्या भावाला आई राजा म्हणायची. मी राजे म्हणते, कारण कर्तृत्व शून्य आणि थाट मात्र सिंहासनाचा. शाळेत असताना भूगोलाचे नकाशे माझ्याकडून काढून घ्यायचा, आणि हाच पुढे शहराच्या नव्या मेट्रोचा मार्ग आखणाऱ्या कचेरीत चिकटला. मग काय विचारता! जेवतानाही ताटात बोटानं रेघ ओढायचा, "ताई, बघ, इथून बोगदा."

काम तसं साधं. बोगदा जिथून जायचा तिथे बोअर मारायचे, खालची माती वर काढून बघायची, जमीन भुसभुशीत निघाली तर मार्ग बाजूला वळवायचा. त्यातला एक बोअर नेमका आईच्या अंगणात आला. तीन खोल्यांचं घर, आईनं शिवणाचं मशीन चालवून उभं केलेलं. लग्नानंतर राजे फ्लॅटमध्ये गेले, आई तिथेच राहिली.

त्या अंगणात पूर्वी विहीर होती. पुढे बाबांनी ती दगडमाती टाकून बुजवली. राजे त्याच विहिरीत पोहायला शिकले होते, कमरेला दोर बांधून, भोकाड पसरून. म्हणजे विसरायची सोयच नव्हती.

"विहिरीचं सांगितलंस का रे कचेरीत?" मी विचारलं.

"वेडी आहेस का? विहीर म्हटलं की मार्ग पलीकडच्या गल्लीत जाणार, त्याच्याबरोबर स्टेशनही. स्टेशन दाराशी आलं तर या घराचा भाव कुठे जाईल, कळतंय का तुला?"

"आणि घरच खचलं तर? आई राहते तिथे!"

"ताई, इंजिनिअर मी आहे."

डोंबलाचा इंजिनिअर! त्यानं बोअरचं यंत्र समोरच्या शाळेच्या मैदानात नेलं, तिथे लागला खडक, आणि तोच खडक आमच्या अंगणाच्या नावावर दाखवला. स्वतःचं घर मार्गावर येत असेल तर काम दुसऱ्याकडे सोपवायचं, असा त्यांच्यात नियम आहे. राजांनी तोही गिळला आणि ढेकरसुद्धा दिला नाही. हे घर कुणाचं, कचेरीत कुणाला पत्ता नव्हता. मी आईपाशी आदळआपट केली तर ती म्हणाली, "राजा करतोय ना, मग विचार करूनच करत असेल."

यथावकाश बोगदा आमच्या गल्लीखाली पोचला. एका दुपारी आई मशीनवर बसली होती आणि पायाखालची फरशी हलली. अंगण मधोमध धपकन खाली बसलं, मागची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली. शेजाऱ्यांनी ओढून बाहेर काढलं म्हणून ती वाचली. मी धावत गेले तर आई रस्त्यात कुणाच्या तरी खुर्चीवर, हातात अर्धवट शिवलेला अभ्रा.

तेवढ्यात कचेरीच्या गाड्या आल्या. मोठे साहेब उतरले, मागून डोक्यावर हेल्मेट घातलेले राजे. मला वाटलं, आता धावत येऊन आईला मिठी मारेल. कसलं काय! विजेच्या खांबाकडे बघावं तसं त्यानं आमच्याकडे बघितलं.

"इथे खडक होता ना? मग हे काय?" मोठे साहेब कडाडले.

राजांचा चेहरा पांढराफटक. खाकरत आईसमोर आले आणि, शरम वाटते सांगायला, जन्मदात्या आईला विचारलं, "आजी, इथे पूर्वी विहीर वगैरे होती का हो?"

आजी! माझं डोकंच फिरलं. चांगली सालटी काढायला मी तोंड उघडलं, तर आईनं माझं मनगट घट्ट धरलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मोठे साहेब उत्तरासाठी थांबले होते. एक 'हो' म्हटलं असतं तर राजांची नोकरी तिथल्या तिथे गेली असती.

"नाही हो साहेब," आई म्हणाली. "माझ्या माहितीत तरी नाही."

आईला मी माझ्याकडे घेऊन आले. संध्याकाळी राजे फळांची पिशवी घेऊन माझ्या घरी हजर. लाज तर कोळून प्यायलेली. आईच्या पायाशी बसून म्हणतात, "आई, आज तू वाचवलंस गं मला. काय करू, नाइलाज होता."

आई उठली, खुर्ची पुढे सरकवली. "खाली का बसलात साहेब? वर बसा ना."

राजे खो खो हसले. त्यांना वाटलं, आई थट्टा करतेय.

आई स्वयंपाकघरात आली आणि मला म्हणाली, "त्या साहेबांना पाणी दे."