गिटारवरचं कुंकू

जुन्या वाद्यांच्या दुकानात गेलो की मी गिटार वाजवून बघत नाही. आधी तिच्या अंगावर कुंकवाचा डाग शोधतो. माझी गिटार विकली, त्याला वीस वर्षं झाली. दसऱ्याला पुस्तकांशेजारी पाटावर मांडून आईनं तिलाही ओलं कुंकू लावलं होतं. ते लाकडात मुरलं. "खराब केलीस!" म्हणून मी केवढा चिडलो होतो! नवी वस्तू कुणाचीही असते, डाग पडला की ती आपली होते, हे तेव्हा कुठं कळत होतं? आता आई नाही.

काल एक दुकानदार गिटार पुढे करत म्हणाला, "हिच्यावर लाल डाग होता. घासून काढला बघा, नव्यासारखी झालीय."

आईनं टेकवलं होतं, तिथंच मी बोट टेकवलं. लाकूड अगदी गुळगुळीत लागलं.