आधी गावात, मग फोनवर

प्रताप नगरमध्ये पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर आमच्या रेकॉर्ड लेबलच्या दोन खोल्या आहेत. गिरणी सुरू झाली की रेकॉर्डिंग थांबतं. वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी इथे आलो, तो गाण्यांची माहिती लिहायला: कोण गातं, कुठलं, कोणत्या निमित्तानं. आम्ही सीडी काढत नाही. विदर्भातल्या गावांमधली गाणी आम्ही थेट फोनवरच्या संगीत ॲपवर चढवतो.

लेबलच्या मालकीणबाईंचा पहिल्यापासून एक नियम आहे. गाणं चढवण्याआधी ते गाणाऱ्यांच्या गावात, सगळ्यांसमोर स्पीकरवर वाजवायचं. गाणाऱ्यांपैकी एकानं जरी नाही म्हटलं, तरी ते थांबतं. वर्तमानपत्रात मजकूर छापण्याआधी तो ज्याच्याविषयी आहे त्याला दाखवत नाहीत. इथे उलट आहे, आणि मला हेच जास्त पटतं. मुंबई-पुण्याच्या कोणत्याही कंपनीशी बोलताना मी हा नियम आधी सांगतो आणि समोरच्याचा चेहरा बघतो.

नरखेड तालुक्यातल्या एका गावी बायकांची भुलाबाईच्या सणाची गाणी आम्ही रेकॉर्ड केली. त्या गटाची रीत अशी, की सर्वांत म्हातारी बाई पहिली ओळ एकटी म्हणते. त्या तिला उचल म्हणतात. उचल होईपर्यंत दुसरी कोणी तोंड उघडत नाही. या गटातल्या म्हातारीला सगळ्या आत्या म्हणत. पूर्ण गाणं गायला तिला आता दम पुरत नव्हता. तिच्या वाट्याला तेवढी एक ओळ उरली होती.

पुढे एका ॲपच्या माणसाबरोबर रामदासपेठेत बैठक झाली. सणाच्या दिवसांत तो त्यांतलं एक गाणं ॲपच्या पहिल्या पानावर ठेवायला तयार होता. अट एकच होती: गाणं सुरू होताच रंगात यायला हवं, कारण ऐकणारा थांबत नाही. आमच्या रेकॉर्डिस्टनं गाणं साफ केलं. मागचा मोटारपंपाचा आवाज काढला, खोकला काढला आणि उचलही काढली. आता गाणं थेट टाळ्यांवर सुरू होत होतं. गिरणीवरच्या खोलीत ते सगळ्यांना आवडलं. मालकीणबाईंनाही.

गावात देवळासमोरच्या ओट्यावर आम्ही स्पीकर मांडला. बायका संत्र्याच्या बागेतली कामं आटोपून आल्या. गाणं वाजलं, संपलं. टाळी वाजली नाही.

"चांगलं हाय," एक बाई म्हणाली. "पण हे सुरू कोणं केलं?"

रेकॉर्डिस्ट म्हणाला, "काकू, सुरुवात थोडी कमी केली. फोनवर लोक थांबत नाहीत."

"नाही थांबत तं जाऊ दे त्याईले. तू काहून घाई करून राहिला गा?"

"याच्या लग्नात अक्षता पडायच्या आधीच पंगत उठली असन," मागून दुसरी बोलली. ओटा हसला. रेकॉर्डिस्टही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

आत्या खांबाला टेकून बसली होती. "राहू द्या वं," ती म्हणाली. "माया आवाज कापते. बरं केलं त्यानं."

"तू चूप राय वं आत्या. कापते तं कापू दे. तुयाशिवाय आमी कधी तोंड उघडलं काय?"

मालकीणबाई आत्यासमोर जाऊन बसल्या. "तुम्हाला काय वाटतं ते सांगा. बाकीच्यांचं नंतर."

आत्या पदर सारखा करत राहिली. मग म्हणाली, "पोरगी सुरतेले दिली हाय माही. तिच्या फोनात माया आवाज गेला असता, तं मले बरं वाटलं असतं."

मालकीणबाई उठल्या. गावात नेटवर्क फक्त देवळाच्या वरच्या पायरीवर मिळत होतं. तिथे उभ्या राहून त्यांनी ॲपच्या माणसाला फोन लावला. त्यांचंच बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. "सुरुवात पूर्ण राहील... नाही, तेवढीसुद्धा कमी होणार नाही... ठीक आहे, मग पहिलं पान दुसऱ्या कोणाला द्या." खाली येऊन त्यांनी रेकॉर्डिस्टला लॅपटॉप उघडायला सांगितलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. सणभर लाखो फोनवर दिसण्याची संधी नुकतीच सोडली, असं त्यांच्याकडे बघून कोणाला कळलं नसतं.

रेकॉर्डिस्टनं ओट्यावरच मूळ रेकॉर्डिंग काढलं आणि उचल परत जोडली. त्या ओळीच्या मागचा पंपाचा आवाज काढायला गेलं की आत्याचा आवाजही पातळ व्हायचा. म्हणून त्यानं पंप राहू दिला.

गाणं पुन्हा वाजलं. आधी पंपाची घरघर, मग आत्याची ओळ, कापरी पण सुरात. ती संपेपर्यंत ओट्यावर कोणी हललं नाही. मग स्पीकरमधल्या टाळ्या सुरू झाल्या आणि समोर बसलेल्या बायकांच्याही.

"आता चढवू?" मालकीणबाईंनी विचारलं.

"थांब जरा," आत्या म्हणाली आणि रेकॉर्डिस्टकडे वळली. "पुन्हा लाव गा. अन् मोठ्यानं लाव. यष्टीच्या थांब्यापावत गेलं पायजे."

त्यानं आवाज वाढवला. थांब्यावरची माणसं वळून ओट्याकडे बघू लागली, तेव्हा आत्यानं मान हलवून होकार दिला.