एकदममधला दम

खुर्चीत बसण्याआधी ती मागचं चाक पायानं ढकलून बघायची. ते एकदा निखळलं होतं. चहाचा कप कीबोर्डच्या डावीकडे, उजवीकडे कधीच नाही. पेन्सिल केसांत खोचायची आणि मग टेबलभर शोधत बसायची. आईचा फोन आला की उभी राहून बोलायची. घरी जाताना फक्त स्क्रीन बंद करायची, कॉम्प्युटर चालूच ठेवायची. त्याला उठवायला फार वेळ लागतो म्हणायची. जिन्याच्या वळणावर थांबून खिडकीतून खाली उभ्या असलेल्या गाड्या बघायची. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत. साहेबसुद्धा.

हे बारीकसारीक कोशला माहीत होतं, कारण ती शेजारच्या खुर्चीत बसायची. कोश म्हणजे शब्दकोश. हे नाव चाळणीनंच पाडलं होतं.

ऑफिस आरोग्य खात्याच्या आकडेवारीचं. दवाखान्यात नर्स पेशंटची तक्रार जशी ऐकते तशी टाइप करते, आणि सगळ्या तक्रारी कॉम्प्युटरवरच्या एका लांबलचक टेबलात येऊन पडतात. एका माणसाची एक ओळ. त्यातून हव्या त्या ओळी वेगळ्या काढणं हे चाळणीचं काम. कुणी लिहिणार ‘ताप आला’, कुणी लिहिणार ‘तापाने फणफणली’. पूर्ण वाक्य जुळवत बसलं तर काहीच हाती लागत नाही. म्हणून शब्दाचा तुकडा द्यायचा आणि कॉम्प्युटरला सांगायचं, हा तुकडा ज्या ओळीत कुठेही सापडेल ती ठेव, बाकीच्या जाऊ देत.

कोश साहित्यात एम.ए. होऊन नुकतीच आली होती, तात्पुरत्या जागेवर. एकच दुखणं लोक किती शब्दांत सांगतात ते तिनं सुचवायचं. पहिल्याच दिवशी चाळणीनं विचारलं, “ताप म्हणजे काय?”

“अंग गरम होणं. किंवा वैताग.”

“ते तुझ्यासाठी. ह्याच्यासाठी ताप म्हणजे ता आणि प. बस. बघ आता.”

तिनं एंटर दाबलं. तापाच्या पेशंटांबरोबर संताप आवरत नाही म्हणणारे एक आजोबा आले. शिवाय ज्यांचं तापमान ठीक होतं ते सगळे.

“ह्याला अर्थ कळत नाही, अक्षरं कळतात,” चाळणी म्हणाली. “अर्थ तू बघायचास. शब्दकोश उगाच बसवलाय का इथे?”

पुढे एकदा कान शोधताना दुकानात घसरून पडलेली माणसं निघाली. “नशीब, बघितलं,” ती म्हणाली, “नाहीतर अर्धी बाजारपेठ कानाच्या डॉक्टरपुढे बसली असती.” ती हसली की आवाज फार येत नसे. खांदे हलायचे.

कोड लिहिताना कंस उघडला आणि बंद करायचा राहिला, की उत्तर यायचं नाही. पुढच्या ओळीच्या सुरुवातीला अधिकचं चिन्ह यायचं. म्हणजे वाक्य संपलेलं नाही, कॉम्प्युटर पुढचं ऐकायला थांबलाय. चाळणी त्या चिन्हाशी बोलायची. “थांब की रे बाबा. आले.”

शेवटचं काम दमाचं होतं. छातीचे आणि हृदयाचे डॉक्टर आपली मशीन घेऊन आठवडाभरासाठी येणार होते. दम लागतो असं ज्यांनी ज्यांनी दवाखान्यात सांगितलं होतं, त्यांना फोन करून तपासणीला बोलवायचं. फोन यादीवरून होणार होते. जो यादीत नाही त्याला फोन नाही.

कोशनं धाप, श्वास, छाती भरणं असे शब्द दिले. ते सरळ गेले. मग चाळणीनं दम हा तुकडा दिला आणि ओळींचा ढीग आला. एकदम चक्कर आली. एकदम पाठीत कळ आली. एकदम दिसेनासं झालं.

“लोकांना सगळं एकदमच होतं का गं?” चाळणी म्हणाली.

“हळूहळू झालं म्हटलं तर डॉक्टर मान वर करत नाहीत.”

“मग एकदमवाल्यांना डच्चू.”

तिनं दुसरी अट जोडली. दम असेल ती ओळ ठेव, पण एकदम असेल ती काढ. यादी नीटनेटकी झाली. साहेबांनी उभ्याउभ्या बघितली आणि छान म्हणाले.

यादी हातावेगळी करण्याआधी चाळणी नेहमी ओळखीची एखादी ओळ घेऊन ती आली का ते बघायची. शुक्रवारी दुपारी तिनं ते केलं आणि मागे टेकली.

“अगंबाई, मीच गळले की.”

“कुठून?”

“माझ्याच चाळणीतून. हे बघ ना.”

तिनं मूळ टेबलातली स्वतःची ओळ काढून दाखवली. नर्सनं लिहिलं होतं, ‘जिना चढताना एकदम दम लागला.’

कोशनं ते दोनदा वाचलं. ओळीत दम होता. पण एकदमही होता, म्हणून दुसऱ्या अटीनं ओळ काढून टाकली होती.

“तुला दम लागतो?”

“लिफ्ट बंद होती तेव्हा लागला. सोड गं.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“मोठ्या मशीनवर बघायला हवं म्हणाले. आता मशीनच येतंय. म्हटलं, सगळ्यांबरोबर आपणही जाऊ.”

“मग स्वतःचं नाव हातानं घाल आधी.”

“हातानं कुणालाच घालायचं नाही. माझं मला माहीत आहे म्हणून मी येणार. आणि बाकीचे? माझ्यासारखे आणखी किती गळलेत, देव जाणे. अटच बदलायला हवी.” ती पेन्सिल शोधू लागली. “एकदम असलेली ओळ काढायची नाही. ज्याच्या आधी ‘एक’ चिकटलेलं नाही असा दम शोधायचा.”

“केसांत आहे,” कोश म्हणाली.

“काय?”

“पेन्सिल.”

तिनं कोड लिहायला घेतला. तेवढ्यात फोन वाजला. ती उभी राहिली. आई खाली येऊन थांबली होती. दोघींना चष्म्याच्या दुकानात जायचं होतं. “हो गं आई, आलेच. गाडीला टेकू नकोस, कपडे खराब होतील.” तिनं स्क्रीन बंद केली. कोशला म्हणाली, “बाकीचं सोमवारी. साहेबांना जुनी यादी पाठवू देऊ नकोस हं. नाहीतर मलाच फोन यायचा नाही.”

खांदे हलवत ती गेली.

रविवारी सकाळी चाळणीच्या घरून फोन आला. कोश त्यांच्या घरी गेली. दारात चपलाच चपला होत्या. लोक हळू आवाजात बोलत होते आणि प्रत्येकजण तेच सांगत होता. एकदम झालं. एकदम खाली बसली. एकदमच गं, काही कळायच्या आत. कोशच्या डोक्यात तो शब्द प्रत्येक वेळी दोन तुकड्यांत पडत होता. तिला रडू येत नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

चाळणीच्या आईच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता. कोशकडे बघून त्या म्हणाल्या, “तिनं निवडली ही फ्रेम. मला म्हणाली, आता तरी मला नीट बघ.” मग विचारलं, “तुला काही बोलली होती का गं? त्रास होतोय वगैरे?”

“शुक्रवारी बोलली.”

“काय?”

“जिना चढताना दम लागतो.”

“मला नाही बोलली.”

“मलाही मुद्दाम सांगितलं नाही. कामातून निघालं.”

त्यांनी मान हलवली. चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत घातला.

सोमवारी साहेब कोशच्या टेबलापाशी आले. शेजारच्या खुर्चीकडे बघायचं टाळत होते.

“ती यादी झाली होती ना तिची?” ते म्हणाले. “आज फोन सुरू करायचे आहेत. पाठवून देऊ या. तिचं शेवटचं काम आहे.”

“नाही झाली.”

“मी बघितली होती.”

“तिच्यात माणसं कमी आहेत साहेब.”

“किती?”

“माहीत नाही.”

“मग कशावरून?”

“तीच नव्हती तिच्यात,” कोश म्हणाली.

साहेबांनी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. मग विचारलं, “तुला येईल का करायला?”

“शब्द माहीत आहे. कोड माहीत नाही.”

“दुपारपर्यंत फोन थांबवतो,” ते म्हणाले आणि निघून गेले.

कोश उठली. चाळणीच्या खुर्चीचं मागचं चाक तिनं पायानं ढकलून बघितलं आणि बसली. स्क्रीनचं बटण दाबलं. कॉम्प्युटर शुक्रवारपासून चालूच होता. समोर चाळणीचा अर्धवट कोड: टेबलाचं नाव, फिल्टर, उघडलेला कंस, तक्रारीचा कॉलम, स्वल्पविराम. तिथे चाळणीनं एंटर दाबलं होतं. खालच्या ओळीच्या सुरुवातीला अधिकचं चिन्ह होतं. पुढे काही नव्हतं.