‘मिस’चा भूतकाळ

अमेरिकेत शॉमबर्गला आल्यावर पहिली काही वर्षं मला नोकरी करायची परवानगी नव्हती. नवऱ्याच्या व्हिसावर आले होते. नागपूरला शाळेत इंग्रजी शिकवलेलं, आणि इथे दिवसभर डिशवॉशर भरायचा नि रिकामा करायचा. शेवटी लायब्ररीत दर मंगळवारी सकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग चालायचा, तिथे मी विनामोबदला शिकवायला जाऊ लागले.

माझ्या टेबलाशी सहा जण बसत. सगळे चीनमधून आलेले, साठीच्या पुढचे, मुलांकडे नातवंडं सांभाळायला राहिलेले. त्यातल्या एक आजी नेहमी माझ्या उजव्या हाताला बसायच्या. आखूड पांढरे केस, जांभळं जॅकेट. वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न त्यांचे. उत्तर पटलं नाही की डोकं हलवून म्हणायच्या, “टीचर, नो लॉजिक.”

एका मंगळवारी मी ‘मिस’ हा शब्द घेतला. सोपा वाटला म्हणून. बस मिस होते, किल्ली मिसिंग असते, शाळेतली बाई मिस असते. “यू कान्ट मिस इट” म्हणजे जागा अगदी सहज सापडेल, हे सांगितल्यावर एक आजोबा गोंधळले. त्यांना वाटत होतं, तिथे जायला मनाई आहे. सगळे हसले. मग मी म्हणाले, “आणि आपलं माणूस लांब असलं की, आय मिस हिम.”

आजींनी पेन खाली ठेवलं. “बस गेली, मिस. माणूस आठवतं, तेही मिस? नो लॉजिक.” त्यांच्या भाषेत माणसासाठी वेगळा शब्द होता, शियांग. विचार करणं, हवंसं वाटणं आणि आठवण येणं, सगळं त्या एकातच. मला मात्र लॉजिक कळत होतं. आम्हीही बस चुकली म्हणतो, आणि घरातलं कोणी गावाला गेलं की चुकल्याचुकल्यासारखं वाटतं म्हणतो. ते मी मोडकंतोडकं समजावून सांगितलं. आजींनी पेन पुन्हा उचललं.

मग प्रत्येकाने एक वाक्य करायचं होतं. आजींची पाळी आली.

“आय मिस्ड माय हजबंड.”

त्यांचे यजमान चीनमध्येच राहिलेत, एवढं मला ठाऊक होतं. यजमानांची म्हातारी आई होती, तिला सोडून ते येऊ शकले नव्हते. मी म्हणाले, “छान. फक्त, आठवण आत्ता येते ना? मग आय मिस माय हजबंड. वर्तमानकाळ.”

“नो. मिस्ड.”

“अजूनही येते ना आठवण? मग मिस.” मी फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहिली. पहिल्यावर फुली मारली.

“टीचर,” त्या शांतपणे म्हणाल्या, “बस मिस्ड. हजबंड मिस्ड. सेम.”

मला तेव्हा कळलं. मी पहिल्या वाक्यावरची फुली पुसली.

वर्ग सुटल्यावर त्या थांबल्या. फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये थोडं बोलून, थोडं इंग्रजीत, त्यांनी सांगितलं. यजमान आजारी पडले तेव्हा यांचा ग्रीन कार्डचा अर्ज चालू होता. प्रवासाच्या परवानगीचा कागद हातात येण्याआधी देश सोडला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मुलगी म्हणाली, थोडं थांब. यजमानही फोनवर म्हणाले, थांब, मी बरा आहे. कागद आला तेव्हा त्यांना जाऊन अकरा दिवस झाले होते.

“मुलीचा राग येतो?” मी विचारलं.

“नो. मीसुद्धा थांबू म्हटलं,” असं काहीसं त्या म्हणाल्या, आणि माझा हात थोपटला. सांत्वन मी करायचं होतं.

मी फळा पुसला आणि गाडीत जाऊन बसले. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी गेले नव्हते. भावाच्या मुलीच्या बारशालाही नाही. दर वेळी कारण तेच, पासपोर्टवरचा व्हिसा संपला होता आणि नवा शिक्का घेताना तिकडेच अडकायची भीती. आईही म्हणायची, सावकाश ये, मला काय धाड भरली आहे!

घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, “मी जाऊन येते.”

“आणि स्टॅम्पिंगला अडकलीस तर?”

“तर अडकले.”

दुसऱ्या दिवशी त्यानेच तिकिटं शोधायला घेतली.

अडकले खरीच. तीन आठवड्यांऐवजी अडीच महिने नागपूरला राहिले. आई माझ्या आठवणीतल्यापेक्षा बुटकी झाली होती आणि टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवत होती. आम्ही दोघी भांडलोही, भाजीत तेल किती घालायचं यावरून. एकदा दुपारी शेंगा सोलताना मी तिला आजींची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, “तिला जेवायला बोलावलंस का कधी?”

“नाही गं. वर्गात भेटतो तेवढंच.”

“कमाल आहे तुझी! इतकं सांगितलं तिनं, आणि तू साधं जेवायला नाही बोलावलंस?”

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी आजींना बोलावलं. त्यांच्या मुलीने त्यांना दारात सोडलं. येताना त्यांनी एवढाली पेअरची फळं आणली होती. मी वरणभात, भरली वांगी केली होती. त्यांनी वरणभात चमच्याने दोनदा मागून खाल्ला, वांगी खाताना मात्र हात आखडता घेतला, तिखट होतं.

जेवण झाल्यावर त्यांनी फोन काढून फोटो दाखवला. तळ्याकाठी टोपी घातलेला एक किडकिडीत माणूस, हातात मासा, तोंडभर हसू.

“केवढा मोठा मासा!” मी म्हणाले.

“नो, नो,” आजी हसायला लागल्या. “छोटा मासा. ही पुट व्हेरी निअर कॅमेरा.” आणि हसता हसताच त्यांनी तो फोटो दोन बोटांनी मोठा केला, मासा बाहेर गेला आणि पडद्यावर नुसता चेहरा उरला.