अज्ञान नदी

दाव्यात नदीच्या नावापुढे ‘अज्ञान’ लिहिलेलं पाहून मला रागच आला. इंग्रजी शाळेत शिकलेली नवखी वकील मी. मला वाटलं, नदीला अडाणी म्हणतायत.

“अगं, अज्ञान म्हणजे वयात न आलेली,” माझ्या सीनियर मॅडम हसल्या. “तिच्या वतीने पालक बोलतो.”

पात्र बुजवणाऱ्यांविरुद्ध नदी स्वतःच वादी होती. कोर्टाने तिला व्यक्ती मानलं नाही, तर दावा तिथेच संपणार होता.

समोरचे वकील म्हणाले, “साहेब, मग ही सज्ञान कधी होणार?” सगळे हसले.

“देवाच्या मूर्तीलाही आपण अज्ञानच धरतो, वकीलसाहेब,” जज्जसाहेब म्हणाले. “देव कधी झाला सज्ञान? दावा चालेल.”

गावाच्याही आधीपासून वाहणारं ते पाणी आता कायद्याच्या लेखी एक लहान मुलगी होतं, आणि रस्ता ओलांडताना धरावा तसा तिचा हात कुणीतरी धरायचा होता. माझी बोटं उगाचच मिटली.

दुपारी पुन्हा पुकारा झाला. “नदी हाजिर?” मॅडम अजून आल्या नव्हत्या. चारचौघांत तोंड न उघडणारी मी उठले आणि मोठ्याने म्हणाले, “हाजिर!”