फोटोपुरता बेंजो

मी चौथीपर्यंत शिकलो. पण हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी वस्तीत माझ्यासारखा बेंजो कोणी वाजवत नव्हता. हे आधीच लिहून ठेवतो, बाकीचे वेगळं सांगतील.

बेंजो म्हणजे वर बटणं, खाली तारा, आणि त्याची वायर ठेल्यावरच्या भोंग्याला. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत तो वाजला की अधारताल मोहल्ल्यातले लोक गच्चीवर यायचे. चाली मी कानानंच उचलायचो. रेल्वेतलं एक ख्रिस्ती कुटुंब परदेशी चाललं, तेव्हा त्यांच्या मोडीतून रेकॉर्डचा गठ्ठा आणि प्लेयर आणला. एका कव्हरवर काळीभोर बाई, लांब कोट, गळ्यात विजेची गिटार. ती रेकॉर्ड मी लागोपाठ तीनदा लावली. चहा निवून गेला.

"बाई काय वाजवते!" बायको म्हणाली.

"बाई गाते. वाजवणारा मागे बसला असल. गिटार फोटोपुरती हातात दिली."

याला आधार होता. दीक्षितपुऱ्यातल्या स्टुडिओत काढलेल्या आमच्या फोटोत माझ्या मनगटावर घड्याळ आहे आणि मांडीवर ट्रान्झिस्टर. दोन्ही स्टुडिओवाल्याचे. फोटोतल्या वस्तूवर विश्वास ठेवू नये, हे मी तिथंच शिकलो.

नववीतल्या मुलीनं कव्हरमागचं इंग्रजी अडखळत वाचलं. "बाबा, गिटार हीच वाजवते, असं लिहिलं आहे. हिचं ऐकून गोरी पोरं शिकली. मग नाव त्यांचंच झालं."

नाव दुसऱ्याचं झालं, हे मला लगेच पटलं. माझ्या आज्यानं जन्मभर पाटलाच्या दारात वाजवलं आणि पंगत उठल्यावर जेवला. बाई वाजवते, हे मात्र पटलं नाही. छापणारे चुकतात, मी म्हणालो.

त्यानंतर मी ड्युटीवर असलो की मुलगी ती रेकॉर्ड लावून माझ्या बेंजोवर बसू लागली. मला कोणी सांगितलं नाही. पण मी तारा सैल करून ठेवायचो आणि संध्याकाळी त्या सुरात सापडायच्या.

जयंतीला चार दिवस राहिले आणि कारखान्यात माझी दोन बोटं यंत्रात सापडली. पट्टी बांधून घरी आलो. आमचा ढोलवाला आला. "उस्ताद, अब?"

"यंदा बेंजो नाही."

"काहून, बाबा? मी आहे ना," मुलगी म्हणाली.

"बाया वाजवत नाहीत."

"मग ती रेकॉर्डवाली?"

"तिच्या मागे माणूस आहे."

बायको चुलीपासून म्हणाली, "बोटं चेंदली, पण अकड नाही चेंदली. फिरवा मुका भोंगा वस्तीभर. लोक म्हणतील, उस्ताद संपले."

हे मला लागलं. मी संपलो नव्हतो.

जयंतीच्या दिवशी मुलीला बोलावलं. "बेंजो गळ्यात घाल. फक्त धरायचा, फोटोपुरता. मिरवणुकीत रिकामी जागा बरी दिसत नाही."

"अच्छा," ती म्हणाली. वाद घातला नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

वायर मीच भोंग्याला जोडली. सुटी वायर पायात येते.

पहिल्या चौकात बेंजो वाजला. रेकॉर्डवरचीच चाल, आमच्या ढोलावर बसवलेली. गच्च्या भरल्या. ढोलवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, पण हात थांबवला नाही.

पानठेल्यावरचा एकजण ओरडला, "उस्ताद, आज कौन बजा रहा है?"

"पीछेवाला," मी म्हणालो.

तो चौकशी करायला मागे गेला आणि परत आला. "भैया, पीछे तो कोई नहीं है."

मी भोंग्याकडे पाहत चालत राहिलो.

बोटं महिन्याभरात बरी झाली. पुढच्या वर्षी बेंजो तिनं मला आणून दिला. मी म्हणालो, पट्टा तुझ्या मापाचा करून ठेवला आहे, आता कोण बदलत बसल. तेव्हापासून वायर माझ्याकडे.

त्या पहिल्या मिरवणुकीतला, बेंजो गळ्यात असलेला तिचा फोटो भिंतीवर आहे. पाहुणे विचारतात, "ही खरंच वाजवते का?"

मी सांगतो, फोटोवरून काही कळत नाही. जयंतीला या.