लेकीच्या गावी पाहुणे

आश्विनात घर सोडून समुद्र बघायला जाणारा माणूस आमच्या बेंबळीच्या बाजूला एक तर सरकारी नोकर असतो, नाही तर बिनकामाचा. मी निवृत्त मास्तर, म्हणजे दोन्ही. तरी वडिलांनी ठेवलेलं थोडं शेत आहे, त्यामुळे दसरा झाला की मलाही इतरांसारखंच सोयाबीन मळायचं असतं, ज्वारीच्या पेरणीसाठी वाफसा बघायचा असतो आणि आभाळात ढग दिसला की त्याला शिव्या द्यायच्या असतात.

लेक मात्र दर वर्षी याच दिवसांत फोन करायची. "अण्णा, आता या. पाऊस उघडलाय, गर्दी न्हाई, समुद्र बघण्यासारखा असतोय." जावई आमच्याच जिल्ह्यातले, तामलवाडीकडचे. पण मास्तरकीची नोकरी लागली ती पार डहाणूच्या पुढे, गुजरातची हद्द जिथून हाकेवर आहे तिथे. बदली होईल, होईल म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली. मी प्रत्येक वेळी सोयाबीन पुढे करायचो. ती "बरं" म्हणायची आणि आईला फोन द्यायला सांगायची.

सोयाबीन हे लोकांना सांगायचं कारण होतं. खरं कारण असं की आमच्या घरात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. माझ्या थोरल्या बहिणीला जळकोटला दिली होती. वडील तिला भेटायला जायचे तेव्हा भर उन्हात गावाबाहेरच्या विहिरीवर पाणी पिऊन मग तिच्या दारात जायचे. तिसऱ्या वर्षी तिला मुलगा झाला आणि वडिलांनी तिच्या घरी पाटावर बसून पुरणपोळी खाल्ली, ही गोष्ट आमच्याकडे लग्नाच्या गोष्टीसारखी रंगवून सांगतात. काही लोक ताटाखाली रुपया ठेवून जेवून घेतात. मला ती पळवाट वाटायची. वर्गात पोरांना अंधश्रद्धेवर धडे शिकवणारा मी, घरी मात्र वडिलांचा शब्द मोडत नव्हतो. लेकीच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदाच तिच्याकडे गेलो. स्टँडवर वडापाव खाल्ला, तिच्या घरी दोन तास बसलो, तहान लागली तेव्हा पिशवीतली माझी बाटली काढली आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. ती फाटकापर्यंत आली होती. हसत होती, असं मला तेव्हा वाटलं.

यंदा नागपंचमीला ती माहेरी आली नाही. फोनवर मायलेकी काय बोलल्या कोण जाणे, पण आमच्या मंडळींनी त्या दिवशी स्वयंपाक खारट केला आणि दसऱ्यानंतर मला बजावलं, "सोयाबीन जळू द्या नाहीतर वाहून जाऊ द्या. मला लेकीला बघून यायचंय. तुमाला यायचं आसंल तर या." चाळीस वर्षांत ती माझ्याशी अशी बोलली नव्हती. मी निमूटपणे पिशवी भरली.

धाराशिवहून रात्रभर ट्रॅव्हल्स, मग एसटी, मग जावयाची मोटरसायकल, तीही दोन फेऱ्यांत. सोबत दहा किलो ज्वारीचं पीठ, कारण तिकडे लोक दोन्ही वेळा भात खातात यावर आमच्या मंडळींचा अजून विश्वास बसत नाही. लेकीने आमची सोय आधीच करून ठेवली होती. तिच्या घरापासून दहा मिनिटांवर एक चिकूची वाडी होती. मालकाने पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या, आणि जेवणही तिथेच मिळायचं. "अण्णा, तुमाला अवघडल्यासारखं नको म्हणून बघितली खोली," ती म्हणाली. तिच्या तोंडून एकदाही निघालं नाही की आमच्याकडं राहा. मला ते लागलं. म्हटलं, पोरगी आतून रुसलीय, आणि रुसायचा तिला हक्क आहे.

वाडीच्या मालकाने आम्हाला एक छापील कागद दिला. या दिवसांत पाहुण्यांनी काय काय करावं त्याची यादी. सकाळी किनाऱ्यावर चालणे, चिकू तोडणे, खाडीवर पक्षी बघणे, वारली चित्रं शिकणे. मी आयुष्यभर पोरांच्या सहली काढल्या, पण माझीच कोणी सहल काढेल असं वाटलं नव्हतं. लेक रोज सकाळी यायची आणि तो कागद बघून आम्हाला एकेका कामाला लावायची.

लांब काठीला जाळी बांधून मी चिकू तोडले. निम्मे माझ्या डोक्यावर पडले. आमच्या मंडळींना वारली चित्रं शिकवणाऱ्या बाईंनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने माणूस काढायला सांगितला, तर हिने दोन बैल, औत आणि मागे टोपी घातलेला एक हडकुळा माणूस काढला. "ह्ये आमचं मास्तर, शनवारी शाळा सुटल्यावर," ती म्हणाली, आणि लेक कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली. खाडीवर पक्षी बघितले. थंडीतले पाहुणे आता यायला लागलेत, असं जावई दुर्बीण देत म्हणाले. मी बघितलं ते बगळ्यासारखं काहीतरी होतं. तसं म्हटलं तर जावयाला वाईट वाटलं असतं, म्हणून मी "वा" म्हणालो.

लेकीच्या घरीही जायचो. ती खुर्ची पुढे करायची. आईपुढे चहा ठेवायची, कारण आमच्याकडे हा नियम बापापुरताच. माझ्यापुढे काहीच ठेवायची नाही. मी बाटली काढली की ती पंखा वाढवायची किंवा खिडकी उघडायची. कपाटावर औषधांच्या रिकाम्या खोक्यांची चळत होती. त्याबद्दल मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. तिथला समुद्र ओहोटीला इतका आत जातो की नुसती काळी ओली वाळू दिसते, आणि आपण समुद्र बघायला आलो होतो हे विसरायला होतं. किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर कोळणी बोंबील वाळत घालत होत्या. आमची ही सुरूच्या झाडाखाली बसली, नाकाला पदर लावला आणि समोर बघत म्हणाली, "एक सांगायचं राहिलंय तुमाला. डॉक्टरनी आता बास म्हणलंय. तिसऱ्यांदाबी टिकलं न्हाय. आता व्हायाचं न्हाय म्हणलेत."

"कधी?"

"आषाढात."

"आणि तू मला आता सांगतेस?"

"तिनंच सांगू नको म्हणलं. सगळ्यांला सांग, पर अण्णांना नको म्हणली."

मला राग आला. माझा राग नेहमीचा असा, आधी पेटतो आणि मग कोणाचं काय जळलं ते बघायला जातो. राग तिच्यावर नव्हता, डॉक्टरवरही नव्हता. माझ्यावर होता. पोरीने तीन वेळा ते सोसलं, परक्या मुलखात, आणि तिचा बाप नऊ वर्षं सोयाबीन पुढे करत होता, आला की बाटली काढत होता. जणू पुन्हा पुन्हा सांगत होता, तुझ्याकडे अजून काही झालेलं नाही. माझ्या धाकाने तिला हे लपवावं लागलं, असं मी समजलो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. किनाऱ्यावर ओळखीचं कोणी नव्हतं.

"उद्या तिच्या घरी जेवणार मी," मी म्हणालो.

हिने पदराला लागलेली वाळू झटकली. मग म्हणाली, "तिला इचारा तरी आधी."

"बापाने लेकीच्या घरी जेवायला परवानगी काढायची?"

"इचारा म्हणते मी," ती म्हणाली. मी विचारलं नाही.

चौथा दिवस रविवार होता. संध्याकाळी परतीची गाडी. दुपारी बाराला आम्ही लेकीकडे गेलो. मी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. "ताट घे माझं. आज तुझ्या हातचं जेवणार."

ती वरणाला फोडणी देत होती. तिने गॅस बारीक केला. "अण्णा, वाडीवर सांगितलंय तुमचं जेवण."

"राहू दे तिथलं."

"खरंच जेवता?"

"खरंच."

तिने आईकडे बघितलं. आईने खाली बघितलं. जावई बाहेरून आले होते, ते म्हणाले, "मामा, गाडीला वेळ आहे, पण घाई कशाला, नंतर कधी..." मी म्हणालो, घाई नाही, उशीर झालाय. वाक्य चांगलं जमलं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं.

लेकीने आम्ही आणलेलं पीठ काढलं आणि भाकरी थापायला बसली. मी पाटावर बसून बोलत राहिलो. हे जुने खुळचट नियम. शिकलेल्या माणसाने पाळायला नको होते. माझं चुकलं, तुला फार वर्षं दुखावलं. ती थापत होती, परतत होती, फुगलेली भाकरी काढून ठेवत होती. तिने ताट वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगांची चटणी, वरण, कांदा. मी पहिला घास घेतला आणि म्हणालो, "अगदी आईच्या हाताची चव."

ती माझ्यासमोर बसली. हाताला पीठ तसंच होतं.

"अण्णा, आईनं सांगितलं न्हवं तुमाला?"

"हो."

"म्हणून जेवताय?"

"तसं नाही गं," मी म्हणालो. पण तसंच होतं, आणि आम्हा दोघांना ते कळत होतं.

ती रडली नाही. शाळेतलं पोर पाठ म्हणून दाखवतं तसं सरळ, न थांबता बोलली. "सासूबाईंनी इचारायचं सोडलं. ह्यांनी इषय काढायचा सोडला. डॉक्टरनी फाइल परत दिली. आईबी फोनवर आता शेताचंच बोलती. तुमी तेवढं जेवत न्हवता. तुमी सोयाबीनचं कारण सांगितलं, न्हाईतर दारात बसून आपलं पाणी प्यायलाव की मला वाटायचं, एकजण हाय अजून. अण्णांनी अजून न्हाई सोडलेलं. म्हणून तर तुमाला सांगू नको म्हणलं. म्हणून खोली बघितली वाडीत, तुमाला माझ्याकडं जेवायची पाळी येऊ नये म्हणून."

माझ्या हातात दुसरा घास होता. तो तोंडात घालावा की ताटात ठेवावा ते कळेना. आमची ही तोंडाला पदर लावून बाहेर गेली. तिला हे आधीच माहीत होतं, किंवा निदान विचारायचं असतं हे माहीत होतं. मी पाटावरून उठायला लागलो. उठलो तर जेवलो नाही असं होईल, असा काहीतरी वेडा हिशोब माझ्या डोक्यात होता.

"उठू नका आता," लेक म्हणाली. "भरल्या ताटावरनं उठू नये."

मी बसलो. नऊ वर्षं जे मी केवळ वडिलांच्या शब्दाखातर पाळलं, ज्यात माझी म्हणून काही आशा होती की नाही हे मी स्वतःला कधी विचारलंही नव्हतं, त्याला धरून माझी पोरगी उभी होती. आणि मी तिला मोकळं करतोय असं समजून तेच तिच्या हातून काढून घेतलं. हे तिला सांगण्यासारखंही नव्हतं. मी खाली मान घालून जेवत राहिलो. भाजी फार चांगली झाली होती.

भाकरी संपत आली तेव्हा तिने टोपलीतली दुसरी उचलली आणि विचारलं, "अजून अर्धी वाढू, अण्णा?"

मी हो म्हणालो. नको म्हणायचा हक्क मी पहिल्याच घासाला घालवला होता.